‘पुट डाउन’ : एका क्रियापदाच्या चार वाटा

‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘डाउन’ म्हणजे खाली, हे इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास आरंभीच ठाऊक होते. परंतु हे दोन शब्द एकत्र आले, की त्यांच्या अर्थांची नुसती बेरीज करून भागत नाही. कर्म कोणते, यावर पुष्कळसे अवलंबून असते. कलकत्त्याच्या बागबाजारातील एका वृत्तपत्राच्या इतिहासावरून हे स्पष्ट होईल.

शिशिरकुमार घोष व मोतीलाल घोष या बंधूंनी १८६८ साली जेसोर जिल्ह्यातील आपल्या गावी ‘अमृत बाजार पत्रिका’ बंगालीत सुरू केली. पुढे ती कलकत्त्यास आली व बागबाजारात स्थिरावली. बंगालीच्या जोडीला तिच्यात इंग्रजी मजकूरही येऊ लागला.

पत्रकार ऐकलेली हकिकत कागदावर उतरवितो, तो पहिला ‘पुट डाउन’ होय. येथे कर्म शब्द आहे. सरकारला ही लेखणी रुचली नाही. मार्च १८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या राजवटीत देशी भाषांतील वृत्तपत्रांविरुद्ध कायदा झाला. असंतोष दडपणे हा दुसरा ‘पुट डाउन’. या कायद्याने मुद्रक व प्रकाशक यांच्याकडून हमीपत्र आणि अनामत मागता येई. न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. अशी रक्कम भरणे हा तिसरा अर्थ.

इंग्रजी पत्रे या कायद्यातून वगळलेली होती. ‘पत्रिका’ त्याच महिन्यात संपूर्ण इंग्रजीत निघाली. या बदलाचे कारण इतिहासकार त्या कायद्यात पाहतात. एका गोष्टीचे कारण दुसरीकडे लावणे हा चौथा ‘पुट डाउन’; मात्र त्यापुढे ‘टु’ अवश्य हवा.

भाषांतरकाराने येथे ‘खाली ठेवणे’ लिहिले, तर जुलूमही दिसणार नाही आणि युक्तीही. मराठीत असे काम ‘काढणे’ करते : मजकूर लिहून काढतात, बंड मोडून काढतात आणि वृत्तपत्रही ‘काढतात’च. विद्यार्थ्याने प्रथम कर्म शोधावे, मग मराठी क्रियापद निवडावे.

लॉर्ड रिपन यांच्या काळात, १८८२ साली, तो कायदा रद्द झाला. ‘पत्रिका’ मात्र इंग्रजीतच राहिली व १८९१ मध्ये दैनिक झाली. ती दडपली गेली नाही. परंतु केवळ बंगाली जाणणाऱ्या वाचकाला ती दुरावली. हा तोटा कोणत्याही शब्दकोशात सापडत नाही.