हेरिटेजच्या यादीत घर आलं की

मुंबईत डिलाईल रोडच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत मी वाढलो. मामांच्या मालकीची गिरगावात एक चाळ आहे, हेरिटेज श्रेणी तीनची. त्यामुळे भाडेकरूचं रडगाणं आणि मालकाचं, दोन्ही घरातच ऐकली.

१. यादी भिंत वाचवते, भिंतीचा खर्च देत नाही. मामांच्या चाळीच्या सज्ज्याचा नक्षीदार कठडा वाळवीने खाल्ला. लोखंडी गज लावून आठवड्यात काम उरकलं असतं. पण जुन्यासारखाच सागवानी करायचा, म्हणजे आधी आर्किटेक्टचे नकाशे, मग परवानगी, मग तसं काम येणारा सुतार शोधणं. भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाडी फारशी वाढलेली नाहीत. एका बिऱ्हाडाचं महिन्याचं भाडं त्या सुताराच्या दिवसाच्या मजुरीलाही पुरत नाही. कठडा अजून दोरीने बांधलेला आहे.

२. आधी श्रेणी वाचा, मग घाबरा. मुंबईत १९९५च्या नियमावलीपासून श्रेणी एकला आतबाहेर बदलाची जवळपास बंदीच आहे. तीनला बरीच मोकळीक आहे. मामांकडे मात्र एक दलाल ‘आता खिळासुद्धा ठोकता येणार नाही’ असं सांगत आला आणि निम्म्या भावाने चाळ मागू लागला. अशा लोकांना चहासुद्धा देऊ नये.

३. टीडीआरवर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्कावर, फार विसंबू नका. वाढीव बांधकामाचा हक्क बुडाला तर भरपाई म्हणून तो मिळण्याची तरतूद आहे. पण त्याचा भाव बाजार ठरवतो, आणि छप्पर याच पावसाळ्यात गळतं.

४. जतनाची हौस कोणाला आहे आणि राहतं कोण, हे विचारा. २०१२ साली ९४८ नावांची प्रस्तावित यादी जाहीर झाली. शिवाजी पार्कचे रहिवासी खवळले, आमच्या बीडीडीतही तेच. गव्हर्नर लॉइडच्या काळात, १९२०च्या दशकात सरकारने या चाळी बांधल्या. डिलाईल रोडला ३२ इमारती, तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येकीत ८० खोल्या, संडास सामाईक. गिरणगावाचा इतिहास इथे घडला, हे कोण नाकारेल? पण सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. आमच्या गॅलरीत ढलप्या पडायच्या. कॅमेरे गळ्यात अडकवून आलेल्यांना जिन्याचे फोटो हवे होते, आजीला घरात संडास हवा होता. पुनर्विकासाला खीळ बसेल, एवढीच आमची भीती. आता म्हाडा ५०० चौरस फुटांची घरं देते आहे. वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. एखादी चाळ संग्रहालय म्हणून जरूर राखावी. सगळ्या राखणं म्हणजे माणसांना प्रदर्शनात बसवणं.

५. मान मिळाला म्हणून इमारत टिकत नाही. काळा घोड्याचं एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, ओतीव लोखंडी सांगाड्यासाठी जगभर नावाजलेलं. २००५ मध्ये त्याचा काही भाग कोसळला, २०१९ मध्ये ते रिकामं करावं लागलं. मालक, भाडेकरू आणि सरकार यांपैकी पैसे कोणी घालायचे, हे न ठरवता दिलेली श्रेणी हा माझ्या मते मालकावर बसवलेला दंडच आहे.

६. तुमच्या इमारतीचं नाव यादीत आलं, तर सोसायटीच्या सभेत आवाज चढवण्याआधी नोटिशीची आणि श्रेणीची प्रत मिळवा. हरकत मुदतीत, लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.