घराला रंग काढताना पिंजरा कुठे ठेवावा?

प्रश्न : आमच्याकडे बजी पक्ष्यांची जोडी आहे. दिवाळीआधी घराला रंग आणि दारांना पॉलिश करून घ्यायचं आहे. तेवढे दिवस पिंजरा गॅलरीत ठेवला तर चालेल का?

उत्तर : गॅलरीवर भागवू नका, घरातला वास तिकडूनच बाहेर पडतो. जोडीला नातेवाइकांकडे किंवा ओळखीच्यांकडे हलवा. पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. त्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही फुप्फुसांतून ताजी हवा वाहते. प्राणवायू भरपूर मिळतो, तसे विषारी वायूही चटकन भिनतात. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी बाळगत, ते याच कारणाने.

सर्वांत घातक म्हणजे थिनर, मेलामाइन पॉलिश, ऑइलपेंट आणि सनमायका चिकटवायचं सोल्यूशन. पाण्यात मिसळायचा, कमी वासाचा रंग त्या मानाने सौम्य. पण तोही पक्ष्यांजवळ नको. पुट्टी घासताना उडणारी धूळही त्यांना बाधते.

भिंत हाताला कोरडी लागली म्हणजे झालं, असं समजू नका. खिडक्या उघड्या आणि पंखे सुरू ठेवा. वास पूर्ण गेल्यावरही दोन-तीन दिवस थांबून मगच पक्षी आणा. वास घालवायला अगरबत्ती किंवा रूम फ्रेशनर वापरू नका.

पक्षी चोच उघडी ठेवून श्वास घेत असेल, श्वासागणिक शेपटी वरखाली होत असेल किंवा तो पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला असेल, तर त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत न्या आणि पशुवैद्यक गाठा. जाताना रंगाच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो सोबत असू द्या.