घरच्या चार्जरची वॉरंटी : बसवतानाच कागद जपा

डहाणू-तलासरीकडील बागायतदारही आता विजेवरची गाडी घेताना घरी चार्जर बसवतात. खारी-दमट हवा आणि पावसाळ्यात विजेचा कमी-जास्त होणारा दाब यांमुळे तो बिघडू शकतो. मग विक्रेता कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी ‘घरचे अर्थिंग सदोष’ म्हणून वॉरंटी नाकारते. शेतकरी बंधूंनी पुढील काळजी घ्यावी.

१) चार्जर परवानाधारक वायरमनकडून स्वतंत्र लाइनवर बसवावा. गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावावा. अर्थिंगचे मोजमाप त्याच दिवशी सहीनिशी लिहून घ्यावे.

२) बिल, वॉरंटी कार्ड व चार्जरचा क्रमांक एकत्र ठेवावा.

३) बिघाड झाल्यास चार्जर स्वतः उघडू नये. लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घ्यावा.

४) दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर कळवावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही. खरेदी वापीची असो वा मुंबईची, तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते.

अर्थिंग ठीक होते, हे सांगणारा सहीचा कागद हाती असेल, तर वॉरंटी नाकारणे सोपे राहत नाही.