शेतात हंडा सापडला तर

विहिरीचे काम चालले होते. दहा-बारा हात खोल गेले होते. तात्याची पहार ठण्णकन वाजली. दगडाचा आवाज तसा नसतो. त्याने हाताने माती उकरली. तांब्याचा हंडा निघाला. आत काळी पडलेली नाणी होती.

मुकादम खाली उतरला. हळूच म्हणाला, "बोभाटा करू नको. मालक, तू अन् मी. तिघांत वाटू. सोनारानं आटवलं की कोण विचारतंय?"

तात्या काही बोलला नाही. घरी येऊन त्याने बायकोला सांगितले. ती रात्रीच्या वर्गाला जात असे. ती म्हणाली, "आधी गुरुजींना विचारा. मग काय ते करा."

गुरुजी म्हणाले, "तात्या, बरं झालं आलात. लपवलं असतं तर तुमचा हिस्सा सरकारजमा झाला असता. वर एक वर्षापर्यंत कैद, नाही तर दंड. किंवा दोन्ही."

"अन् सांगितलं तर? सगळं सरकारच नेणार ना?"

पुष्कळांना असेच वाटते. म्हणून तर हंडे गुपचूप आटवले जातात. पण कायदा काय आहे तो वाचून पाहा. तो १८७८ सालचा आहे. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, की सापडणाऱ्याने कलेक्टरांना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना, लवकरात लवकर लेखी कळवायचे. तोंडी सांगून भागत नाही. माल जवळच्या सरकारी तिजोरीत भरायचा, नाही तर मागतील तेव्हा हजर करण्याबद्दल जामीन द्यायचा.

मग कलेक्टर जाहीर नोटीस काढतात. कोणाचा हक्क असेल त्याने यावे, म्हणून चार ते सहा महिन्यांच्या आतली एक तारीख ठरवतात. कोणाच्या आज्याने शंभर वर्षांच्या आत ते धन पुरले असेल, तर त्याला कोर्टात जायला मुदत मिळते. असा वारस निघाला नाही, धन बेवारस ठरले, आणि मालकाचा व सापडणाऱ्याचा आधी काही करार नसला, तर वाटणी अशी : सापडणाऱ्याला बारा आणे, जमिनीच्या मालकाला चार आणे. शोधणारा नक्की कोण, हे कलेक्टर चौकशी करून ठरवतात. म्हणूनच अर्ज ज्याचा त्याने द्यावा, मुकादमावर सोपवू नये.

सरकारला ती वस्तू हवी असेल, तर ते धातूची किंमत आणि तिच्यावर आणखी पाचवा हिस्सा देऊन घेऊ शकते. जुन्या नाण्याचे मोल धातूहून पुष्कळ जास्त असते. हा हिशेब आम्हाला तितकासा पटत नाही. पण कायद्यात आहे तसे सांगणे भाग आहे.

आता हे लक्षात घ्या. काम करताना सापडणे वेगळे, आणि धनासाठी मुद्दाम खणणे वेगळे. दुसऱ्याच्या शेतात त्याच्या परवानगीवाचून कुदळ मारता येत नाही. किल्ला, लेणे, जुने देऊळ सरकारने संरक्षित केले असेल, तर तिथे गावानेही खणायचे नाही. मांत्रिक येतो, पायाळू माणूस मागतो, बळी मागतो. गुप्तधनासाठी असले अघोरी प्रकार करणाऱ्याला महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने सहा महिने ते सात वर्षे कैद आहे. अशा मांत्रिकाच्या मागे किती घरे धुळीला मिळाली!

आणखी एक गोष्ट. अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद गाव आहे. तिथे १९७४ साली गावातल्या एकाला खणताना चार कांस्य वस्तू सापडल्या. बैल जुंपलेला रथ, त्यात उभा माणूस. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा. सगळ्यांचे वजन ६० किलोहून अधिक. मोडीत घातले असते तर भांड्याच्या भावाने गेले असते. ते वाचले, म्हणून आज आपण ते पाहू शकतो. काही विद्वान त्यांना सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे मानतात. काही मानत नाहीत. कारण ते शास्त्रशुद्ध उत्खननात मिळाले नाहीत. मातीच्या कोणत्या थरात होते याची नोंद झाली नाही. वस्तू हाती आली, पण तिचे वय मातीतच राहिले.

तात्याने त्या रात्री अर्ज लिहिला. गुरुजी सांगत होते, बायको कंदील धरून होती. तुम्हीही तो पाटीवर लिहून काढा :

मा. जिल्हाधिकारी साहेब यांस,

मी खाली सही करणार. ता. ...... रोजी, मौजे ......, गट नंबर ...... मध्ये विहीर खणताना मला तांब्याचा एक हंडा सापडला. त्यात अंदाजे ...... नाणी आहेत. जमिनीचे मालक ...... हे आहेत. माल सरकारी तिजोरीत भरण्यास मी तयार आहे. कळावे.

सही ......

अर्जाची एक नक्कल घरी ठेवा. कचेरीतून पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.