पहिली रायफल कशी निवडाल?
एन.सी.सी.च्या रेंजवर पहिल्यांदा नेम धरला, तेव्हा बट लांब पडला, मान अवघडली आणि गोळ्या टार्गेटबाहेर! म्हणून मित्रांनो, किमतीआधी माप बघा. रिकाम्या रायफलचा बट कोपराच्या खोबणीत टेकवा. बोट ट्रिगरपर्यंत आरामात पोचलं पाहिजे.

नवशिक्यांना पॉइंट टू-टू बोल्ट ॲक्शन बरी. काडतूस स्वस्त, धक्का किरकोळ. मोमेंटमचं गणित करा: २.६ ग्रॅमची गोळी, वेग ३३० मीटर/सेकंद, ३.५ किलोची रायफल मागे येते जेमतेम पाव मीटर/सेकंदाने. शिवाय प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढायचा, त्यामुळे घाई आपोआप कमी होते.

आर्म्स ॲक्टप्रमाणे स्वतःच्या लायसन्सला २१ पूर्ण लागतात. मी २० चा! तोवर क्लबची रायफल वापरायची आणि पैसे काडतुसांसाठी राखायचे.