नागफणीच्या वाटेवरचं इंग्रजी

पोरांनो, कुरवंड्यातून नागफणीच्या कड्यावर पाहुणे न्यायचे तर फ्रेजल व्हर्बचा नुसता अर्थ घोकू नका, ते कुठल्या वेळी तोंडात येतं ते बघा. शब्द सुटे करून अर्थ लावायला गेलात की फसलात. ‘लुक आउट’ म्हणजे बाहेर बघ नव्हे, ‘सांभाळ!’ अशी ती हाक आहे. वरून दगड सुटला आणि कुणी तसं ओरडलं, तर मान वर करू नका, आधी कड्याला चिकटा.

‘होल्ड ऑन’ फार जपून वापरा. त्याचा एक अर्थ ‘जरा थांब’, दुसरा ‘घट्ट धर’. फोनवर बोलताना ते चालून जातं, दोरावर नाही. दोरावर लटकलेला माणूस घाबरलेला असतो, त्याला अर्थ लावत बसायला वेळ नसतो. तिथे सरळ ‘स्टॉप’ म्हणा, नाहीतर ‘होल्ड द रोप’. एवढं माझं ऐकाच.

‘पास आउट’चंही तसंच. नौदलाची प्रशिक्षणसंस्था आयएनएस शिवाजी आपल्या शेजारी, १९४५ पासूनची. त्यामुळे शिक्षण पुरं करून बाहेर पडणं हाच अर्थ आपल्या कानात बसलाय. पण चढावर दमलेला पाहुणा ‘आय ॲम गोइंग टु पास आउट’ म्हणाला, तर त्याची शुद्ध हरपायला आलीय. लगेच सावलीत आडवं करा, पाय उंच ठेवा.

पावसाळ्यात फोन येतील. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकललं, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द. आगाऊ घेतलेल्या पैशांचं बोलणं त्यावरच ठरतं, तेव्हा नीट ऐका.

‘पिक अप देम’ म्हणू नका, ‘पिक देम अप’ म्हणा. ‘मी’, ‘हिम’, ‘देम’ असले शब्द मध्येच बसतात. ‘लुक आफ्टर’ मात्र फुटत नाही. तिथे ‘लुक आफ्टर देम’च.

आणि उंबरखिंडीची लढाई पाहुण्यांना सांगितल्याशिवाय सोडू नका. १६६१ साली मुघल सरदार कारतलबखानाची फौज आपल्याच कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरली. शिवाजी महाराजांनी तिची पुढची-मागची वाट तोडली, ते ‘कट ऑफ’. खान शरण आला, ते ‘गेव्ह इन’. लांबलचक भाषण लागत नाही, या दोन क्रियापदांवर सगळी लढाई सांगता येते.

अर्थांच्या याद्या पाठ करू नका. पाहुण्याच्या तोंडून ऐकलेलं अख्खं वाक्य, तो ते कधी म्हणाला त्यासकट, त्याच संध्याकाळी वहीत उतरवून ठेवा.