ख्रिस्तसभेचे दार ठोठावणाऱ्या डॉक्टर



11 फेब्रुवारी हा लूर्दमातेचा सण. 1993 पासून हाच दिवस जागतिक रुग्णदिन म्हणूनही पाळला जातो. त्या दिवशी आपण आजाऱ्यांसाठी मिस्सा अर्पण करतो, त्यांना पवित्र तेल लावतो, घरी खाटेवर असलेल्या वडीलधाऱ्यांना रिक्षाने चर्चमध्ये आणतो. पण याच तारखेला, 1936 साली, रोममध्ये आणखी एक गोष्ट घडली. तिची आठवण सहसा कोणी काढत नाही. त्या दिवशी निघालेल्या एका आदेशाने धर्मभगिनींना डॉक्टर व सुईणीचे काम करण्याची वाट मोकळी झाली.

मोकळी झाली म्हणजे त्याआधी बंद होती का? होय, बंद होती. आपल्यातील कित्येकांचा जन्म मिशन हॉस्पिटलात सिस्टरांच्या हातावर झाला आहे, म्हणून हे चटकन पटत नाही. धर्मगुरूंनी रक्त सांडणारी शस्त्रक्रिया करू नये, असे 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ठरवले होते. 1917 च्या कायदेसंहितेत, रोमच्या खास परवानगीशिवाय धर्मगुरूंनी वैद्यकी करू नये असे कलम आले आणि तेच व्रतस्थांनाही लागू झाले. सिस्टरांनी शुश्रूषा करावी, मलमपट्टी करावी, पण बाळंतिणीच्या खाटेपासून दूर राहावे. ब्रह्मचर्याच्या व्रताला ते शोभत नाही, अशी समजूत होती. नियम करणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांना व्रताची काळजी होती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांची कायद्याची व्याख्या आम्ही पाठ केली होती. कायदा विवेकातून यावा, तो सर्वांच्या हितासाठी असावा, ज्याच्यावर समाजाची जबाबदारी आहे त्याने तो करावा आणि तो जाहीर करावा. चारही अंगे लिहिली की पूर्ण गुण मिळत. पण त्या ‘सर्वां’मध्ये कोण कोण मोडते, हे परीक्षेत आम्हाला कोणी विचारले नाही.

हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांत डॉ. अॅग्नेस मॅक्लारेन पहिल्या म्हणाव्या लागतील. त्यांचा जन्म 1837 साली स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात, प्रॉटेस्टंट घरात झाला. वडील शहराचे महापौर आणि पुढे खासदार. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीत बाई तरुणपणापासून होत्या. त्यांना डॉक्टर व्हायचे होते, पण एडिंबरा विद्यापीठ स्त्रियांना वैद्यकीची पदवी देईना. मग त्या फ्रान्सला गेल्या आणि 1878 साली माँपेलिए येथून पदवी घेऊन बाहेर पडल्या. वयाच्या साठीनंतर, 1898 साली, त्या कॅथलिक झाल्या. ज्या वयात आपल्याकडे ‘आता जपमाळ घेऊन बसा’ असे सांगतात, त्या वयात या बाईंचे खरे काम सुरू झाले.

एडिंबराच्या या लढ्याचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. 1869 साली त्या विद्यापीठात वैद्यकीसाठी नाव नोंदवणाऱ्या पहिल्या स्त्रियांत एडिथ पेची होत्या. रसायनशास्त्रात त्यांनी अव्वल क्रमांक मिळवला, पण बाई म्हणून शिष्यवृत्ती त्यांना नाकारून खालच्या क्रमांकाच्या मुलाला दिली गेली. त्याच डॉ. पेची 1883 साली मुंबईत आल्या आणि 1886 साली उघडलेले कामा हॉस्पिटल त्यांनी सांभाळले. आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या तेही 1886 हेच वर्ष. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंनाही पेचीबाईंचा आधार मिळाला होता. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा मरण बरे, असे म्हणणाऱ्या बायका त्या काळी आपल्याकडे घरोघरी होत्या.

पंजाबात पडदा अधिक कडक होता. रावळपिंडी आज पाकिस्तानात आहे, तेव्हा ती ब्रिटिश हिंदुस्थानात होती. तेथील मिशनमधून मॅक्लारेनबाईंना कळले की, अडलेल्या बायका डॉक्टर गावात असूनही मरतात, कारण डॉक्टर पुरुष असतो. त्यांच्या खटपटीतून तिथे संत कॅथरीनच्या नावाने स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय उभे राहिले. सत्तरी ओलांडल्यावर त्या स्वतः तिथे जाऊन आल्या. पण एक अडचण सुटेना. पगारी स्त्री डॉक्टर येत आणि काही काळाने निघून जात. जन्मभर तिथेच राहण्याची तयारी सिस्टरांची होती, आणि नेमका त्यांनाच नियम आडवा येत होता.

मॅक्लारेनबाईंनी नियम मोडा असे सांगितले नाही, आणि देवाची इच्छा म्हणून गप्पही बसल्या नाहीत. त्यांनी रोमच्या वाऱ्या केल्या, अर्ज दिले, पुन्हा दिले. 17 एप्रिल 1913 रोजी फ्रान्समध्ये त्या वारल्या, तेव्हा नियम जिथल्या तिथे होता.

त्यांच्या अखेरच्या दिवसांत ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातील एका मुलीशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. तिचे नाव आना डेंगल, जन्म 1892, आई लहानपणीच वारलेली. हिंदुस्थानात काम करायचे तर ब्रिटिश पदवी हवी, म्हणून मॅक्लारेनबाईंनी तिला आयर्लंडमधील कॉर्कला शिकायला जाण्याचा सल्ला दिला. दोघींची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. मधल्या काळात महायुद्ध पेटले. ऑस्ट्रियाची मुलगी म्हणजे शत्रुराष्ट्राची. तरी तिने 1919 साली पदवी मिळवली आणि 1920 मध्ये रावळपिंडी गाठली.

चार वर्षे तिने एकटीने ते रुग्णालय चालवले. एकटीच्या कष्टाने हे काम संपणारे नाही हे तेव्हा तिला उमगले. ती अमेरिकेला गेली आणि 30 सप्टेंबर 1925 रोजी वॉशिंग्टन येथे दोन डॉक्टर आणि दोन नर्स अशा चौघींनी मिळून मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ सुरू केला. इथली युक्ती पाहण्यासारखी आहे. या चौघी सिस्टरांसारख्याच एकत्र राहिल्या, एकत्र प्रार्थना करू लागल्या, पण त्यांनी जाहीर व्रते घेतली नाहीत. व्रते घेतली असती तर नियम लागू झाला असता. अकरा वर्षे त्या अशा उंबरठ्यावर राहिल्या आणि आपल्या कामातून दाखवत राहिल्या की, आजाऱ्याला बरे केल्याने व्रताला डाग लागत नाही.

याच सुमारास आंध्रात दुसरी वाट तयार झाली. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लाऊरी यांनी 1915 साली मॅक्लारेनबाईंविषयीची एक पुस्तिका वाचली आणि 1920 मध्ये त्या गुंटूरला आल्या. त्या सिस्टर झाल्या, आणि परमगुरुस्वामी पंधरावे बेनेडिक्ट यांच्या खास परवानगीने डॉक्टरही राहिल्या. 1943 साली त्यांनी कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापली. तीच आजची कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया. तिच्या सदस्य संस्था तीन हजारांहून अधिक आहेत. 2013 साली ग्लाऊरी यांना ‘देवाची सेविका’ म्हणून घोषित करण्यात आले.

आणि मग 11 फेब्रुवारी 1936. परमगुरुस्वामी अकरावे पायस यांच्या कारकिर्दीत रोमच्या श्रद्धाप्रसार विभागाने आदेश काढला. मिशन प्रदेशातील माता व बालकांसाठी सिस्टरांनी वैद्यकीचे काम करावे, एवढेच नव्हे तर त्यासाठी रीतसर पदव्या घ्याव्यात, असे त्यात सुचवले होते. आना डेंगल आणि सोबतिणींनी त्यानंतर जाहीर व्रते घेतली. पाटणा आणि दिल्लीची होली फॅमिली रुग्णालये त्यांच्याच संघाने उभारली. मॅक्लारेनबाई जाऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात सुरफुनीकी बाईची गोष्ट आहे. ती परकी, बिनओळखीची. मुलीसाठी प्रभूकडे येते, आणि प्रभूचे पहिले उत्तर नकाराचे असते. ती रागावून निघून जात नाही. प्रभूचाच दृष्टान्त उचलून ती त्याला उत्तर देते आणि त्या उत्तरामुळे तिच्या मुलीला आरोग्य मिळते. हा उतारा आम्ही पूर्वी तिच्या नम्रतेवर प्रवचन करण्यासाठी वापरत असू. आता वाटते की तिच्या युक्तिवादाकडे आमचे लक्षच गेले नव्हते.

लक्ष का गेले, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना नर्सचे काम करणाऱ्या एक बाई आमच्याकडे आल्या. बायकांच्या कर्करोग तपासणीसाठी त्यांना चर्चचे सभागृह हवे होते. सभागृह लग्नकार्ये आणि धार्मिक कार्यक्रम यांसाठीच, असा ठराव होता. आम्ही तो दाखवला. त्या गेल्या. काही महिन्यांनी पुन्हा आल्या, आम्ही पुन्हा ठराव दाखवला. तिसऱ्या खेपेला त्यांनी एक दोनशे पानी वही आणली. आपल्या वाडीतील कोणत्या घरची कोण बाई या आजाराने गेली, किती वय होते, डॉक्टरकडे किती उशिरा नेले, हे सगळे त्यात लिहिले होते. त्यातील दोघींचे अंत्यविधी आम्हीच केले होते.

तपासणी झाली. तपासायला दोन स्त्री डॉक्टर आल्या होत्या. दोघीजणींना पुढच्या उपचारांसाठी पाठवावे लागले. त्यातल्या एकीला छातीत गाठ लागून सात महिने झाले होते. तिने घरात कोणाला सांगितले नव्हते. ‘पुरुष डॉक्टरला कसं दाखवू, फादर?’ एवढेच ती म्हणाली. रावळपिंडीची हकिकत आम्ही त्यानंतर वाचली. बाईंच्या पहिल्या आणि तिसऱ्या खेपेमध्ये दहा महिने गेले होते.

या आठवड्याच्या वाडीसभांत मार्क 7:24-30 वाचावे आणि बायकांनी आधी बोलावे, पुरुषांनी नंतर. आपल्या सभागृहाच्या वापराचे नियम सूचनाफलकावर लावले आहेत. त्यांतील कोणता कोणाला आडवा येतो, ते मिस्सेनंतर कार्यालयात येऊन किंवा चिठ्ठीने कळवावे. चिठ्ठीवर नाव नसले तरी चालेल.